नलूताईंचा नकाराचा तास

नलूताई उमरीकरांना पुस्तकी मराठीतली व्याख्या चालत नसे. हैदराबादेत बरकतपुऱ्यात आमच्या मराठी मंडळाची एक खोली आहे. वर कुरकुरणारा पंखा, खाली सतरंजी आणि भिंतीला लागून पुस्तकांची कपाटं, ज्यांना आता फारसं कुणी हात लावत नाही. तिथे रविवारी सकाळी त्या ‘पैशाचा वर्ग’ घेत. व्याज म्हणजे काय, महागाई म्हणजे काय, असल्या अगदी प्राथमिक गोष्टी. एखादीने घोकून आणल्यासारखं म्हटलं, “मुद्दल वापरल्याबद्दल दिलेला मोबदला म्हणजे व्याज,” तर त्या डोळे मिटून ऐकून घेत आणि म्हणत, “छान. आता ज्या भाषेत भाव करतीस, त्या भाषेत सांग.”

मग पंचाईत होई. हैदराबादचा मराठी माणूस पोरांना रागावतो मराठीत, भाव करतो दखनी उर्दूत आणि कामवाल्या बाईची मनधरणी करतो तेलुगूत. पुण्याहून आयटीत आलेल्या मुलींचं तर आणखीच अवघड. त्यांची भाजी मोबाइलवरून दारात येते. त्या म्हणत, “ताई, आम्ही भावच करत नाही.” नलूताई म्हणत, “म्हणून तर बसवलंय तुम्हाला इथं.” शेवटी कुणीतरी जुनी बाई उठायची आणि सांगायची, “मेरे कू पैसे आज होना, तुमना आज नै होना. वो ‘आज’ के वास्ते जो ऊपर से देना पडता, वो ब्याज.” नलूताईंचा चेहरा खुलायचा. “बघा. व्याज म्हणजे घाईची किंमत. ज्याला घाई आहे तो देतो, ज्याला धीर आहे तो घेतो. बस, अर्धं अर्थशास्त्र झालं.”

मी या वर्गाला हौसेने गेले नव्हते. नामपल्लीला एका कंपनीत मी पगारपत्रकं करते. आठवडाभर लोकांचे पगार काढायचे, कापायचे, आणि रविवारी उठून पुन्हा पैशाबद्दलच ऐकायला कोण जाईल? पण नवऱ्याचं झेरॉक्सचं दुकान बंद पडलं होतं, मुलीचं कॉलेज सुरू झालं होतं आणि घरात रोज संध्याकाळी आकड्यांवरून धुसफूस चालायची. शेजारणीने अक्षरशः ओढून नेलं. दारातच नलूताईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. म्हणाल्या, “दमलीस? मग मागं भिंतीला टेकून बस. दमलेला माणूस हिशेबात चुकत नाही बाई. तो हिशेबच करत नाही.”

मला त्यांचा रागच आला होता. पण तेव्हा माझ्या पर्समध्ये विजेचं बिल आठवडाभर न उघडता पडलं होतं, हेही खरं. पुढच्या रविवारी मी आपली आपण गेले.

त्या स्वतःही दमलेल्याच असत. सहकारी बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. आजोबा नांदेडहून इथे आले, त्यामुळे जन्म हैदराबादचा, पण बोलणं अजून तिकडचं. ‘काय करायलीस’, ‘कुठं जायलीस’ असं. त्यांचे यजमान, उमरीकर सर, एका खासगी कॉलेजात शिकवायचे, म्हणजे पेन्शन नाही. त्यात त्यांच्या हृदयाची झडप बिघडलेली. नलूताई दोन दुकानांचे हिशेब लिहून घर चालवायच्या. सकाळी सरांची आंघोळ उरकून, त्यांना गोळ्या देऊन त्या वर्गावर यायच्या आणि आल्या आल्या चपला काढून सुजलेले पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवायच्या. “माफ करा, पण आज पायांनी संप केलाय,” म्हणायच्या. हा संप दर रविवारी असे.

शिकवायची त्यांची तऱ्हाच वेगळी. फळा नाही, तक्ता नाही. महागाई सांगताना त्यांनी सगळ्यांना कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलात नेलं, चहा सांगितला आणि म्हणाल्या, “कप बघा. पूर्वी हा चहा काठापर्यंत असायचा. आता दर वाढवला तर गिऱ्हाईक कुरकुर करतं, म्हणून त्यानं कप बारीक केला. महागाई दरवेळी भावाच्या पाटीवर दिसत नाही. कधी ती कपात बसलेली असते.” तरलता हा शब्द कुणालाच कळेना, तेव्हा त्यांनी माझ्या शेजारणीच्या हाताकडे बोट केलं. “या बाईच्या हातात पाटल्या आहेत. श्रीमंत आहे का नाही? आहे. आता दारात ऑटोवाला सुट्टे मागायलाय. पाटली देणार त्याला? नाही ना? मग त्या घटकेला ही गरीब. पैसा असणं वेगळं आणि वेळेला हाताशी असणं वेगळं.” चक्रवाढ व्याज तर त्यांनी एका वाक्यात उडवलं होतं. पाहुणा येतो ते साधं व्याज, आणि पाहुणा आपला पाहुणा घेऊन येतो ते चक्रवाढ.

एकदा मलकपेठच्या रेसकोर्सजवळ राहणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलं, “ताई, घोड्यावर पैसे लावले तर ती जोखीम म्हणायची का?” नलूताई म्हणाल्या, “नाही. तिला हौस म्हणायचं, आणि हौसेचा खर्च सिनेमाच्या तिकिटासारखा आधीच गेला म्हणून धरायचा. जोखीम म्हणजे बुडालं तर किती बुडेल ते आधी माहीत असणं. तुम्हाला ते माहीत आहे का?” पुढे ते वर्गाला आले नाहीत. नलूताई म्हणाल्या, “जाऊ द्या. त्यांचं कळून झालं.”

या सगळ्यात एक तास मात्र त्या हसू न आणता घेत. तो जामिनाचा तास.

बँकेत असताना त्यांनी एका सहकाऱ्याच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली होती. एकाच डब्यात जेवणारी माणसं; ‘नाही’ कसं म्हणायचं? तो नोकरी सोडून निघून गेला आणि त्याचे हप्ते नलूताईंच्या पगारातून कापले जाऊ लागले. त्याच वर्षांत त्यांचं घर घ्यायचं राहिलं ते कायमचं. ही गोष्ट त्या लपवत नसत. दर नव्या तुकडीला सांगत, आणि सांगून झाल्यावर म्हणत, “जामीन म्हणजे साक्षीदार नव्हे. जामीन म्हणजे कर्जदारच, फक्त पैसे दुसऱ्याच्या घरी गेलेले असतात.”

आपल्या लोकांत सहीला कुणी नाही म्हणत नाही. परमुलखात चार मराठी घरं, उठता-बसता एकमेकांची तोंडं बघायची. कुणी कागद घेऊन आलं की आपण पेन शोधायला लागतो. “सहीच तर करायचीय” हे वाक्य मी माझ्या सासऱ्यांच्या तोंडून कितीदा ऐकलं असेल. नलूताईंना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्या नुसतं सांगून थांबत नसत, सराव करून घेत. एकेकीने उभं राहायचं. त्या समोर बसून गयावया करायच्या, कधी भाऊ व्हायच्या, कधी जाऊ, कधी साहेब. आपण म्हणायचं, “मी जामिनाची सही करत नाही.” एवढंच. पुढे एक अक्षर नाही. कुणी म्हणालं, “करत नाही, कारण यांना आवडत नाही,” तर त्या टेबलावर टिचकी मारत. “कारण देऊ नको. कारण दिलंस की समोरचा ते कारण सोडवायला बसतो. आज नवऱ्याला आवडत नाही म्हणशील, उद्या तो पेढे घेऊन नवऱ्याला भेटायला येईल.”

या सरावात सगळ्यात हुशार निघाली चित्रा. पुण्याची मुलगी, कसल्याशा मोठ्या कंपनीत, नवराही तिथेच. मराठी अक्षरं अडखळत वाचायची, पण ‘नाही’ अगदी स्वच्छ म्हणायची. आवाज चढवायचा नाही, मान खाली घालायची नाही. नलूताई तिच्याकडे बोट दाखवून आम्हाला म्हणायच्या, “हिच्यासारखं जमलं पाहिजे.” मला ते काही केल्या जमत नसे. मी हटकून ‘सॉरी हं’ लावायचे.

मग मागल्या वर्षी सरांची झडप बदलायची वेळ आली. डॉक्टरांनी थांबू नका म्हणून बजावलं. विम्याने निम्मा भार उचलला. उरलेल्या पैशासाठी नलूताईंकडे एकच गोष्ट होती, त्यांची चिट्टी.

चिट्टी म्हणजे आपल्याकडची लिलावाची भिशी. इथे घरोघरी असते. ठरलेली माणसं दर महिन्याला ठरलेली रक्कम टाकतात आणि दर महिन्याला जमलेल्या पैशाचा लिलाव होतो. जो सगळ्यात जास्त पैसे सोडायला तयार, त्याला ती चिट्टी उचलायला मिळते. त्याने सोडलेले पैसे बाकीच्यांत वाटले जातात. उचलल्यावरही शेवटपर्यंत हप्ते भरायचेच असतात, म्हणून नोंदणी असलेली कंपनी उचलणाऱ्याकडे पगारदार जामीन मागते. नलूताईंचा बेत अगदी शेवटी उचलायचा होता, म्हणजे काहीच सोडावं लागलं नसतं. तो बेत बारगळला. एक जामीन त्यांच्या पुतण्याचा मिळाला, तो करीमनगरला शाळेत शिक्षक आहे. दुसरा हवा होता, नाहीतर पैसे मिळणार नव्हते आणि ऑपरेशन लांबणार होतं. सरांना तेव्हा जिन्याच्या तीन पायऱ्या चढल्या तरी धाप लागत होती.

नलूताईंनी वर्गातल्या बायकांना फोन केले.

मला हे कळलं ते शेजारणीकडून. ती पडल्या चेहऱ्याने आली आणि म्हणाली, “सरोज, मी ताईंना नाही म्हटलं गं. कारणसुद्धा दिलं नाही. त्यांनीच शिकवलंय ना तसं.” मी विचारलं, “आणि बाकीच्या?” ती म्हणाली, “सगळ्यांनीच.” चित्रानेही. माझं डोकं असं भडकलं, की ऑफिसला दांडी मारून मी थेट बरकतपुऱ्याला ताईंच्या घरी गेले. ज्या बाईने तुम्हाला पैशाची अक्षरं शिकवली, तिच्यावरच ती उलटवायची? मेट्रोत उभी राहून मी मनातल्या मनात चित्राला इतकं बोलले, की तेवढं आजवर नवऱ्यालाही बोलले नसेन.

नलूताई स्वयंपाकघरात सरांसाठी भाताची पेज करत होत्या. मी आल्याबरोबर चित्राचं नाव काढलं, तर मलाच दटावलं. “तिला काही बोलायचं नाही. बरोबर बोलली पोरगी. आवाज चढवला नाही, कारण दिलं नाही. सगळ्या पास झाल्या माझ्या.” मग गॅस बंद केला आणि चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, “एखादी तरी नापास होईल असं वाटलं होतं गं मला.”

मला रडू आलं. मी म्हटलं, “मला का नाही विचारलंत? नापास व्हायला मी होते ना.”

“तुझा पगार मला माहीत आहे. घरचंही माहीत आहे. ज्याला झेपणार नाही त्याला विचारणं म्हणजे फसवणूक.”

“मी करते सही.”

“बस तिथं,” त्या म्हणाल्या. मी ओट्याजवळच्या स्टुलावर बसले. पेजेवर झाकण ठेवून त्या समोर आल्या आणि वर्गातल्याच आवाजात म्हणाल्या, “जामीन म्हणजे काय? भाव करतीस त्या भाषेत सांग.”

आत सर खोकत होते. मी म्हटलं, “वो भरे तो अच्छा. नै भरे तो मैं भरना. पैसे गए समझ केच दस्तखत करना.”

“कितना?”

शेजारणीकडून कळला होता तो हप्ता मी सांगितला, राहिलेले महिने सांगितले, त्यातला पुतण्याचा अर्धा वाटा वजा केला आणि माझ्या पगारातून घर चालवून काय उरतं तेही सांगितलं. फार थोडं उरत होतं. पण उरत होतं.

“मग ऐक,” त्या म्हणाल्या. “मी सगळे हप्ते भरीन, जिवंत असेपर्यंत. तरीपण सही केलीस त्या महिन्यापासून तुझा वाटा बाजूला टाकायला लाग. याला तरतूद म्हणतात. मी भरत राहिले, तर ती पोरीच्या फीला होईल. नाही भरले, तर तुझी झोप मोडणार नाही. कबूल असेल तर ये माझ्याबरोबर. घरी विचारून ये.”

घरी विचारलं. नवरा आधी चिडला, मग आकडे बघितले, मग म्हणाला, “त्या बाईनं तुला बिलं उघडायला शिकवलंय. जा.” आयुष्यभर लोकांची पगारपत्रकं केली, त्या दिवशी स्वतःचं काढून घेतलं आणि चिट्टीच्या कंपनीत नेऊन दिलं.

लिलावाला मी त्यांच्या शेजारी बसले होते. बाकीचे थोडंथोडं वाढवत बोली लावत होते, कुणी चहा पीत, कुणी मोबाइल बघत. नलूताई उठल्या आणि कायद्याने जास्तीत जास्त जेवढं सोडता येतं तेवढं एकदम सोडलं. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. खाली बसता बसता माझ्या कानाशी म्हणाल्या, “आज मी घाईवाली. लोकांना जरा व्याज खाऊ दे.”

ऑपरेशन झालं. सर उठून बसले, महिन्याभरात गॅलरीत फिरायला लागले. नलूताईंनी पुन्हा वर्ग सुरू केला. आधी कुणी यायला धजेना, मग एकेक करून सगळ्या आल्या. चित्रा शेवटी आली आणि दाराशीच उभी राहिली. नलूताई तिला म्हणाल्या, “आत ये, आज आयकर शिकायचाय,” आणि तिच्यासाठी सतरंजीवर जागा केली. मी तिच्याशी बोलले नाही. मला नलूताईंइतकं मोठं होता येत नाही आणि ते मी कधी लपवलेलंही नाही.

हप्ते त्या वेळेवर भरत. भरला की मला फोन, “सरोज, या महिन्याचा झाला बरं का.” बस, एवढंच बोलून ठेवून देत. मी माझा वाटा वेगळ्या खात्यात टाकत होते. मुलीची फी आली की हात शिवशिवायचे, पण टाकत होते. आणि मग एका महिन्यात फोन आला नाही. दुकानाचे हिशेब लिहिता लिहिता त्यांनी टेबलावर डोकं ठेवलं होतं. दुकानदाराला वाटलं, बाईंना डुलकी लागली. सगळ्यांना काळजी सरांच्या हृदयाची, आणि थांबलं ते त्यांचं. दमल्या होत्या. आम्ही रविवारच्या रविवार बघत होतो, तो पायांचा संप थट्टेवारी नेत होतो, आणि डॉक्टरकडे चला असं एकीलाही सुचलं नाही.

पुतण्या सरांना करीमनगरला घेऊन गेला. राहिलेले हप्ते तो आणि मी निम्मे निम्मे भरतो. कंपनीचा फोन आला तेव्हा पैसे तयार होते. झोप मोडली नाही. पण दर महिन्याला तो भरून बाहेर पडते, तेव्हा फुटपाथवर घटकाभर उभी राहते. फोन करून ‘झाला बरं का’ म्हणायला कुणी नसतं, त्याचा त्रास पैशापेक्षा जास्त होतो.

वर्ग बंद पडू द्यायचा नाही असं ठरलं आणि जामिनाचा तास माझ्या गळ्यात पडला. गेल्या रविवारी तो घेतला. एकेकीला उभं केलं, गयावया केली, ‘नाही’ म्हणून घेतलं. एक नवी मुलगी म्हणाली, “पण मागणारं माणूस आपलंच असलं तर?” मी म्हटलं, “आपलंच असतं. परका कुठे मागतो? आधी ते पैसे गेले असं धरायचं. मग बघायचं, तरीही करावीशी वाटते का. बहुतेक वेळा वाटत नाही.”

तास संपला, सगळ्या गेल्या, मी सतरंजी गुंडाळत होते. चित्रा मागे थांबली होती. तिने सतरंजीचं दुसरं टोक धरलं. मग म्हणाली, “सरोजताई, ताईंच्या चिट्टीचे हप्ते तुम्ही भरताय. तुमच्या वाट्यातला निम्मा मी देऊ का? दर महिन्याला.”

मी तिच्याकडे पाहिलं. ती अगदी शिकवल्यासारखीच उभी होती. आवाज चढला नव्हता, मान खाली नव्हती, आणि कारण तिने सांगितलं नव्हतं. इतके महिने जे सगळं तिला सुनवायचं म्हणून साठवलं होतं, ते मला आठवेना. मी खूप दमले होते.

मी ‘हो’ म्हटलं. कारण मीही दिलं नाही.